सिनेमातल्या गाड्यांचं पासिंग

‘शोले’त जय-वीरू गाणं म्हणत निघतात ती फटफटी कोणती, असं कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारून बघा. एक म्हणेल राजदूत, दुसरा म्हणेल बुलेट, तिसरा जावावर अडून बसेल. ती आहे बीएसए, डब्ल्यूएम २० जातीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी ही मॉडेलं निघाली, युद्ध संपल्यावर उरलेली बाजारात आली आणि पुढे त्यातली एक साइडकार लावून हिंदी सिनेमात अमर झाली. तिच्या नंबर प्लेटवर ‘एमवायबी’ अशी अक्षरं आहेत. एमवाय म्हणजे जुनं म्हैसूर राज्य. सिनेमातलं रामगढ कुठल्या राज्यात आहे ते लेखक सलीम-जावेद यांनी सांगितलं नाही, पण मोटरसायकलने सांगून टाकलं. चित्रीकरण बंगळूरूजवळच्या रामनगरात झालेलं होतं.

सिनेमा थांबवून, पुढे-मागे करून त्यातली गाडी ओळखायची, तिची कंपनी, मॉडेल, साल लावायचं आणि मग त्या सिनेमात तिचं महत्त्व किती यावर तिला तारे द्यायचे, हा छंद जगभर आहे. त्यात दोन वेगळी कामं एकत्र बांधलेली आहेत, ओळख आणि दर्जा. ओळखीचं शास्त्र बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. दर्जाचं मात्र सगळं हिरोच्या कलाने चाललंय असं माझं मत आहे, आणि त्यात आमच्यासारख्या जिल्ह्यांवर अन्याय होतो. कसा, ते सांगतो.

भंडारा म्हटलं की लोकांना तांदूळ आठवतो, पितळेची भांडी आठवतात. पण कोलकात्याकडे जाणारा हमरस्ता, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३, नागपूर सोडल्यावर भंडारा, लाखनी, साकोली असा आमच्या अंगणातून जातो. लाखनी तालुक्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे, तिथे गिअरबॉक्स बनतात. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, त्यातलं पोलादही गाड्यांच्या उद्योगाला जातं. वैनगंगेच्या घाटांवरून रेतीचे टिप्पर सुटतात. थोडक्यात, मोटार हौसेसाठी ठेवणाऱ्यांपेक्षा मोटारीवर पोट भरणारे इकडे जास्त. असा माणूस सिनेमाला बसला की त्याची नजर नायिकेवरून सहज टायरवर जाते.

आता ओळखीकडे येऊ. अमेरिकन सिनेमातली गाडी ओळखणं एका अर्थी सोपं. तिकडे कंपन्या दरवर्षी दिवे, जाळी, मागचे पंख बदलत, त्यामुळे साल नेमकं सांगता येतं. आपल्याकडे प्रकार उलटा. मॉडेलं मूठभर, म्हणून नाव ओळखायला लहान पोरही चालतं, पण तेच मॉडेल तीस-चाळीस वर्षं रस्त्यावर राहिल्याने साल ओळखताना भलेभले अडकतात.

हे असं का झालं याला कारण आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. जुन्या सिनेमांत शेव्हरोले इतक्या दिसतात त्यामागे हेही एक कारण. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं, सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे राहणं परवडेना, आणि १९५४ पर्यंत शिवडीचा कारखाना बंद झाला. मग उरली हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसिडर, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. शिवाय महिंद्राची जीप. साठ ते ऐंशी या काळातल्या सिनेमात रस्ता दिसला की या चौघींपैकी कुणीतरी जाणारच. श्रीमंताच्या आणि खलनायकाच्या दारात परदेशी गाडी, तीही पुष्कळदा वकिलातींनी वापरून विकलेली. इम्पाला दिसली की एक तर आत बसलेला स्मगलर तरी, नाही तर नायिकेचा बाप तरी!

एक चौकट थांबवून बघू. काळा-पांढरा सिनेमा, बंगल्याच्या पोर्चमध्ये अँबॅसिडर उभी. आधी तोंडाकडे बघायचं. जाळी बारीक चौकड्यांची असेल तर मार्क टू, म्हणजे १९६२ नंतरची. आडव्या पट्ट्या रुंद असतील तर मार्क थ्री, १९७५ नंतरची. जाळी आखूड, चौकोन मोठे आणि शेजारी चौकोनी दिवे वेगळे बसवलेले दिसले तर मार्क फोर, १९७९ नंतरची. इथवर सोपं. पण पुढचा भाग ठोकला गेला की मेकॅनिक जे मिळेल ते बसवतो. मार्क टूच्या अंगावर मार्क फोरचं तोंड घेऊन फिरणाऱ्या अँबॅसिडर सरकारी आवारांतून आणि टॅक्सी स्टँडवर कमी नव्हत्या. म्हणून एका खुणेवर साल लावायचं नाही, दोन-तीन खुणा जुळल्या तरच लावायचं. मोठ्या शहरातल्या हौशी मंडळींना हे पुस्तक वाचून कळतं. हायवेवरच्या गॅरेजवाल्याला ते मुळातच ठाऊक असतं, कारण अशी तोंडं त्याने स्वतः बदललेली असतात.

फियाटच्या बाबतीत दरवाजा बघावा. जुन्या फियाटचे, जिला लोक डुक्कर फियाट म्हणत तिचे, पुढचे दरवाजे उलटे उघडत. बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ ला ११०० डिलाइट आली तेव्हा ते सुलटे झाले. हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ मध्ये. तेव्हा नायक फियाटमधून उतरतो त्या दोन सेकंदांत दरवाजा कुणीकडून उघडला एवढं जरी दिसलं तरी निम्मं काम झालं. जीपचं बॉनेट उंच आणि चपटं असेल तर ती विलीसच्या सीजे ३ बी घराण्यातली, महिंद्राने वर्षानुवर्षं काढलेली. बुलेट असेल तर चालवणाऱ्याचा पाय बघा. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला होता. ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा दिसला तर तो टाटा-मर्सिडीज. दोन्ही कंपन्यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला, त्यानंतर ताऱ्याची जागा टाटाच्या ‘टी’ने घेतली. म्हणजे १९८० साली घडणाऱ्या गोष्टीत तारा दिसला तर चूक नाही, ट्रक जुना असू शकतो. पण १९५० च्या गोष्टीत दिसला तर दिग्दर्शकाला विचारावं लागेल.

काळाच्या अशा चुका पकडण्यात या छंदाची खरी मौज आहे. मारुती ८०० चं पहिलं वाटप १४ डिसेंबर १९८३ ला झालं. त्याआधीच्या काळातल्या प्रसंगात मागून मारुती गेली तर प्रसंग फसला. त्याहून ढोबळ चूक नंबर प्लेटची. एमएच आणि मग जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ ची. आणीबाणीवरच्या सिनेमात एमएच पासिंगची गाडी दिसली तर पोशाख, केशभूषा, रेडिओ सगळं अचूक असूनही काही उपयोग नाही. आता तर नव्या गाड्यांना २०१९ पासून सरकारी शिक्क्याची, ‘आयएनडी’ लिहिलेली प्लेट आली, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावायची सक्ती झाली. नव्वदीतल्या कॉलेजची गोष्ट आज चित्रित करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एमएच-३६, म्हणजे भंडारा पासिंगची गाडी हिंदी सिनेमात नायकाच्या हाती आलेली मला आठवत नाही. मुंबईच्या एमएच-०१, ०२ चा मात्र नुसता पाऊस.

आवाजावर विश्वास ठेवता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याकडे अंधारात, पाठमोरं उभं राहून, आवाजावरून ‘लेलँड आहे’ किंवा ‘टाटा’ म्हणणारे लोक आहेत. गिअर टाकतानाचा सूर, चढावर इंजिनाचं कण्हणं, एअर ब्रेकची फुसकारी, सगळं त्यांना कळतं. सिनेमात हे कौशल्य मातीमोल. गाडीचा आवाज तिथे पुष्कळदा नंतर स्टुडिओत चढवतात, आणि जो हाताशी असेल तो चढवतात. डिझेल जीप पेट्रोलसारखी गुणगुणते. कच्च्या रस्त्यावर, धुळीतून जाणाऱ्या गाडीचे टायर डांबरावर घासल्यासारखे किंचाळतात. मुरमाच्या रस्त्यावर टायर किंचाळत नाही हे साकोलीच्या कुठल्याही पोराला विचारा. गडेगावचा गिअरबॉक्स पडद्यावर दिसत तर नाहीच, ऐकूही येत नाही.

दुसरी फसवणूक हाणामारीत होते. उडवायची, दरीत ढकलायची किंवा पेटवायची गाडी कुणी चांगली घेत नाही. भंगारातून तशीच दिसणारी आणून रंग मारतात. हवेत उडेपर्यंत एक मॉडेल, जमिनीवर पडताना दुसरं. हॉलिवूडही यात मागे नाही. ‘बुलिट’ (१९६८) मधला सॅन फ्रान्सिस्कोचा पाठलाग आजही मोटारींच्या पाठलागांचा बाप मानला जातो. फोर्ड मस्टँग पुढच्या डॉज चार्जरच्या मागे सुटलेली, आणि वाटेत दोघींनी पुन्हा पुन्हा ओलांडलेली तीच एक हिरवी फोक्सवॅगन बीटल. एकच प्रसंग वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतला आणि सगळे तुकडे वापरले, म्हणून असं झालं. चार्जरच्या चाकांच्या तर चारपेक्षा जास्त कॅप उडतात. पाठलाग तरीही उत्कृष्टच आहे.

इथपर्यंत वादाला फारशी जागा नाही. पुरावा असेल तो जिंकतो. भांडण सुरू होतं ते दर्जावर. हौशी लोकांची उतरंड साधारण अशी. तळाशी नुसती रस्त्यावर उभी किंवा मागून गेलेली गाडी. तिच्यावर थोडा वेळ कामाला आलेली. मग एखाद्या पात्राची किंवा पाठलागातली. त्यावर मुख्य पात्राची, पुष्कळ वेळ दिसणारी. आणि अगदी वर, जिच्याशिवाय सिनेमाच नाही अशी. कागदावर ठीक दिसतं. व्यवहारात मात्र स्टिअरिंगवर कोण बसलंय, यावर तारे ठरतात.

वरच्या पायरीबद्दल कुणाचंच दुमत होणार नाही अशी दोन उदाहरणं एकाच वर्षातली आहेत. १९५८ साली मुंबईत ‘चलती का नाम गाडी’ आला आणि बंगालीत ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’. दोन्हींत जुनी, खिळखिळी शेव्हरोले. गांगुली बंधूंची ‘चॅम्पियन’ हसवते, भावांची भांडणं सोसते आणि वेळेला कामी येते. घटकांची ‘जगद्दल’ ही बिमल नावाच्या टॅक्सीवाल्याची जवळजवळ बायकोच आहे. तो तिच्याशी बोलतो, तिला पाणी पाजतो, तिच्यावर रुसतो, आणि शेवटी ती भंगारात जाते. माझ्या मते मोटारीवर या देशात याहून मोठा सिनेमा झालेला नाही. चार वर्षांनी सत्यजित राय यांनी ‘अभिजान’मध्ये क्रायसलरवाला टॅक्सी ड्रायव्हर नरसिंग उभा केला, पण तिथे गाडी नरसिंगचा अभिमान आहे, सोबतीण नाही. पाच आणि चार ताऱ्यांत फरक असेल तर तो हा.

खाली आलं की गडबड. ‘आराधना’त राजेश खन्ना डार्जिलिंगच्या आगगाडीशेजारून उघड्या जीपमधून गातो. दृश्य गाजलेलं, म्हणून जीपला तारे चांगले मिळतात. पण तिथे दुसरी कुठलीही उघडी गाडी चालली असती. ‘दिल चाहता है’ मधली गोव्याला जाणारी उघडी मर्सिडीज तशीच. ती दिसते सुंदर, पोरं पैसेवाली आहेत एवढं सांगते आणि तिचं काम संपतं. म्हणून माझी कसोटी साधी आहे. गाडी काढा, तिच्या जागी दुसऱ्या जातीची ठेवा, आणि गोष्ट मोडते का बघा. ‘बॉबी’तल्या छोट्या राजदूतला ही कसोटी लावली तर ती मध्यम मार्कांनी पास होते. कोवळ्या पोराला बुलेट शोभली नसती. सिनेमानंतर त्या गाडीचंच नाव लोकांनी बॉबी पाडलं, पण ते बाजारातलं यश झालं, सिनेमातलं नव्हे.

‘सैराट’ (२०१६) बघा. आर्ची बुलेटवर येते, ट्रॅक्टर चालवते. ताऱ्यांच्या हिशेबात बुलेट वर आणि ट्रॅक्टर ‘थोडा वेळ दिसणारं वाहन’ म्हणून खाली जाईल. प्रत्यक्षात ती स्कूटीवर आली असती तर करमाळ्याकडचं पाटलाचं घर, त्या घराची जमीन, तिची पोर म्हणून अंगात असलेली बेफिकिरी यातलं काहीच पडद्यावर उतरलं नसतं. ट्रॅक्टर तर सरळ सातबाराच आहे. पुढे हैदराबादला गेल्यावर तिची बुलेटही सुटते आणि ट्रॅक्टरही, आणि ती कुठून कुठे आली ते तेवढ्यावरून कळतं. कंपनीच्या नावाला इथे काडीचं महत्त्व नाही. वाहन कुणाच्या दारातलं आहे, याला आहे. मराठी सिनेमातल्या गाड्यांना मार्क द्यायचे तर हा रकाना आधी आखावा लागेल. उमेश कुलकर्णी यांच्या ‘हायवे’ने (२०१५) तर मुंबई-पुणे रस्त्यावर एकेका गाडीत एकेक जग बसवलं. त्या सिनेमाची पात्रयादी गाड्यांवरून करता येईल.

आता आमची तक्रार, ट्रकची. आपल्या सिनेमात ट्रक येतो तो बहुतेक वेळा कुणाला तरी चिरडायला. रात्र, पाऊस, समोरून दोन दिवे, आणि नायकाचा बाप गेला. ब्रेक निकामी होतात तेही ट्रकचेच. ज्या जिल्ह्यात ट्रकची अंगं घडतात तिथल्या प्रेक्षकाने हे मुकाट्याने किती वर्षं बघायचं? आणि उतरंडीत या ट्रकला जागा तळाची, नाव नुसतंच ‘ट्रक’. ‘दुश्मन’मध्ये राजेश खन्नाच्या ट्रकखाली शेतकरी मरतो आणि न्यायाधीश त्याला त्याच कुटुंबात राहून ते पोसण्याची शिक्षा देतो. ट्रक नसता तर पुढचं काहीच नसतं. ‘नया दौर’ (१९५७) उभाच आहे टांगा विरुद्ध मोटारबस या शर्यतीवर. दिलीपकुमारच्या टांग्याबद्दल सगळे बोलतात, हरणाऱ्या बसची जात कुणी विचारत नाही.

ट्रकचा मान ठेवला तो स्टीव्हन स्पीलबर्गने. ‘ड्युएल’ (१९७१) हा त्याचा सुरुवातीचा, टेलिव्हिजनसाठी केलेला सिनेमा. साध्या नोकरदार माणसाची लाल प्लायमाउथ आणि तिच्या मागे लागलेला गंजका पीटरबिल्ट. ड्रायव्हरचं तोंड शेवटपर्यंत दिसत नाही, म्हणजे खलनायक खुद्द ट्रकच. त्याच्या पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबर प्लेटा लटकवलेल्या आहेत. याआधी किती जणांना खाल्लं त्याचा हिशेब, एक शब्द न बोलता. नंबर प्लेटचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

आणि एसटी. सचिन पिळगावकरांचा ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मुंबईहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या एसटीत घडतो. अशोक सराफ कंडक्टर. ‘बॉम्बे टू गोवा’त (१९७२) बस होतीच, पण ती खासगी, गमतीची. एसटीत तिकीट, सुटे पैसे, राखीव जागा, खिडकीवरून भांडण, सगळं कायद्याने चालतं आणि तरीही चालत नाही. तो विनोद दुसऱ्या कुठल्याच वाहनात झाला नसता. तारे पाच. ओळखायला मात्र ही बस अवघड. महामंडळ चासी घेतं टाटाची किंवा लेलँडची आणि वरची बॉडी पुष्कळदा बांधतं आपल्याच कार्यशाळांत, पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात आणि नागपूरला हिंगण्यात. बाहेरून सगळ्या लाल डब्यांचं रूप एक. पण पासिंग होतं बॉडी बांधली तिथलं. म्हणून कोकणात धावणारी बस एमएच-२० ची असली तर ती मराठवाड्यातून भरकटलेली नसते, चिकलठाण्यात बांधलेली असते. एमएच-४० दिसलं तर हिंगणा. तोंडावरचं चिन्ह रंगाखाली गेलं असेल तर चासी ओळखायला ड्रायव्हरचं केबिन, स्टिअरिंग आणि गिअरच्या दांड्याची जागा बघायची. आणि तेवढी चौकट सिनेमात नसेल, तर एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरला पडद्यासमोर बसवावं. तो दहा मिनिटांत सांगेल, वर दिग्दर्शकाने कुठे रिव्हर्स चुकीचा टाकलाय तेही सांगेल.

राहता राहिली ‘फेरारी की सवारी’ (२०१२). राजेश मापुसकरांचा हा सिनेमा मला आवडतो, त्याचा नायक आरटीओतला प्रामाणिक कारकून आहे म्हणून अंमळ जास्तच. मुलाच्या क्रिकेटसाठी पैसे हवेत, म्हणून हा सज्जन माणूस एका लग्नाच्या वरातीसाठी सचिन तेंडुलकरची लाल फेरारी घेऊन जातो. गाडी नावात आहे, पोस्टरवर आहे. कुठल्याही यादीत तिला पाच तारे मिळतील. मी कसोटी लावून बघितली. फेरारी काढली आणि तेंडुलकरची जुनी मारुती ठेवली. वरातवाल्यांनी तीही आनंदाने मिरवली असती, मालक तेंडुलकर आहे एवढं पुरे होतं. फेरारीला चार. एमएच-०१ वाल्यांना राग आला तरी चालेल.